दोन पट्ट्यांच्या मधे

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. सासऱ्यांच्या पिढीपर्यंत मेंढरं होती, त्यामुळे पाटावर सगळ्यात आधी लोकर कातरायची कातर यायची, मग कोयता, कुऱ्हाड, आणि ह्यांना रेल्वेत नोकरी लागल्यावर ह्यांचे पाने-पक्कडही आले. प्रत्येक वस्तू धुवायची, कोरडी करायची, गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवायचं, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एकट्या बाईच्या घरात आता हत्यारं ती कसली? विळी ठेवली, एक पाना ठेवला. पाट रिकामा दिसायला लागला, म्हणून भिंतीवरची गिटार काढून पाटाला टेकवून उभी केली.

गिटार ह्यांची. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव कधी तोंडावाटे घेतलं नाही, पण लिहायचं तर घ्यावंच लागतं. हनुमंत. दौंडला रेल्वेच्या विजेच्या खात्यात तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावर न्हावऱ्याची जमीन जवळ पडते म्हणून शिरूरला दोन खोल्या बांधल्या, आणि गेल्या पौषात झोपेतच गेले. सकाळी तुळशीला पाणी घालून आत आले, चहाला हाक मारली, तर उत्तर आलं नाही.

माझे नेम पुष्कळ आहेत. सकाळची माळ, सोमवार, दोन्ही एकादश्या, चातुर्मासात कांदा-लसूण नाही, आणि जाणूनबुजून खोटं बोलायचं नाही. पण त्यातला एक नेम सगळ्यांत जुना. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा, एक भजन म्हणायचं, आणि मगच जेवायचं. मूल राहावं म्हणून चोविसाव्या वर्षी धरला. पुढे अंकिता झाली, मोठी झाली, बंगळूरला नोकरीला गेली, तरी सोडला नाही. आणि पहिल्या दिवसापासून त्या भजनाला साथ गिटारीची. रेल्वे कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भजनाला पेटी असते, एकतारी असते, तुमच्याकडं हे कसलं सोंग, म्हणायच्या. ह्यांना दुसरं काही वाजवायला येत नव्हतं आणि मला साथीवाचून सूर सापडत नव्हता, एवढीच त्यातली गोष्ट.

शेवटी शेवटी ह्यांची डाव्या हाताची बोटं आखडली. तारा दाबता येईनात. तेव्हा ह्यांनी गिटार वेगळी लावली. काही न दाबता नुसता अंगठा फिरवला की सगळ्या तारांतून षड्ज आणि पंचम निघायचा, तंबोऱ्यासारखा. त्यामुळे हे गेल्यावरही माझं अडलं नाही. दिवा लावायचा, गिटार मांडीवर आडवी घ्यायची, अंगठा फिरवायचा. खोलीभर सा पसरायचा. मी त्यात गळा सोडायची. त्या पाच-दहा मिनिटांपुरतं माझ्या मागे कुणीतरी बसलेलं असायचं. मग आवाज विरायचा, ताट वाढून घ्यायची, आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या गळ्याचा मला फार अभिमान होता. बोलणं माझं हळू, पण गाणं मोकळं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही चोविसाव्या वर्षीचंच भजन मी त्याच गिटारीवर, त्याच पट्टीत म्हणत होते. शेजारच्या झुंबरबाई म्हणायच्या, माझा आवाज बघा कसा फाटला, तुमचा कसा काय राहिला? मी म्हणायची, नेमाचं फळ. अंकितालाही हेच सांगायची. देवानं घेतलं पुष्कळ, पण गळ्याला हात लावला नाही.

तर खंडेनवमी. ओल्या फडक्यानं मी गिटार पुसली. तारांवर तेलाचं बोट फिरवलं, कातरीवर फिरवतात तसंच. वरच्या सहा खुंट्यांच्या मागे धूळ बसली होती, म्हणून समईचे भाग पुसतात तशी एकेक खुंटी फिरवून फिरवून पुसली. हळदकुंकू वाहिलं, फूल खोवलं, नमस्कार केला. फार बरं वाटलं. संध्याकाळी दिवा लावला, अंगठा फिरवला, आणि रिकाम्या मडक्यावर हात मारावा तसा आवाज आला.

मला लगेच कळलं काय झालं ते. जी गोष्ट ह्यांनी शेवटची आपल्या हातानं लावून ठेवली होती, ती मी पूजेच्या नावाखाली मोडली होती.

त्या दिवशी तसंच म्हणायला बसले. सुरुवात फार वर धरली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. पुन्हा धरलं, तर इतकं खाली गेलं की शब्दच ऐकू येईनात. भजन पुरं झालं नाही, म्हणून जेवले नाही. कपभर दूध घेतलं. दुसऱ्या दिवशी अंकिताला फोन केला. ती म्हणाली, त्यात काय एवढं आई, मोबाइलवर ॲप येतं, तार छेडायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची. तिनं ते ॲप मला कसं घ्यायचं ते सांगितलं. मी पिळल्या. सहाही तारांना हिरवा दिवा लागला. पण त्या सगळ्या तारा वेगवेगळं बोलत होत्या, षड्ज-पंचम कुठेच नव्हता, आणि त्यातली एक तार धरून गाऊन बघितलं तर गळ्याची शीर ताणली. अंकिताला सांगितलं तर ती म्हणाली, हे बरोबर ट्यूनिंग आहे आई, जगात सगळीकडे हेच असतं. असेल. पण माझ्या घरात ते नव्हतं.

तीन दिवस दूध आणि केळी. चौथ्या दिवशी गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि दौंडला निघाले, सिद्दीकभाईंकडे.

सिद्दीकभाई म्हणजे ह्यांचे जोडीदार. एकाच शेडमधे नोकरी, एकाच चाळीत भिंतीला भिंत. त्यांच्याकडे पियानो होता. कॉलनीतल्या एक ख्रिस्ती बाई गाव सोडून जाताना त्यांच्या वडिलांना देऊन गेल्या होत्या, आणि त्याच बाईंनी लहानपणी सिद्दीकभाईंच्या बोटांना वळण लावलं होतं. गिटारीची पहिली बोटं ह्यांनाही सिद्दीकभाईंनीच दाखवली. मग मात्र रविवार आला की दोघांचं भांडण. सिद्दीकभाई म्हणायचे, हणम्या, तुझी गिटार म्हंजी शेळी, कान धरून न्यावी तिकडं जाती. माझा पियानो हत्ती हाय, दारात नुसता उभा राहिला तरी घराची शान. हे म्हणायचे, हत्ती हाय खरा, म्हणून तर त्याला आंघोळ घालायला पुण्यावरनं माहूत आणावा लागतो. कारण पियानो उतरला की तो लावायला वर्षातून एकदा पुण्याहून एक म्हातारे गृहस्थ यायचे, हातात चामडी पेटी घेऊन. सिद्दीकभाई सांगायचे, माझ्या दहा बोटांना दहा कामं, डावा हात नदीसारखा वाहतोय आन् उजवा वर पाखरागत, तुझं काय, एका हातानं दाबायचं आन् एका हातानं खाजवायचं. हे म्हणायचे, तुझा सूर दुसऱ्यानं करून ठेवलेला, तू नुसतं बोट ठेवतोस. माझा सूर मला रोज करावा लागतो. मी आणि खुर्शिदभाभी दाराच्या आडून भाजी निवडत ऐकायचो. त्या भांडणातून कधी काही निघालं नाही. निघू नये अशीच त्या दोघांची इच्छा असावी.

एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसले. न्हावरे आलं तेव्हा खिडकीतून आमच्या उसाकडे बघितलं, उतरावंसं वाटलं नाही. पारगावचा पूल ओलांडला, चौफुल्याला गाडी बदलली. शेजारच्या बाईनं विचारलं, लेकराची हाय का? मी नुसती मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाच ठाऊक नाही.

सिद्दीकभाईंचं घर आता गावात आहे, मशिदीच्या मागच्या गल्लीत. दारात पोचले तर आतून पियानोचा आवाज येत होता. मी उंबऱ्याशीच थांबले. बोटं तीच, चालही ओळखीची, पण त्यातले सूर एकमेकांपासून सुटले होते. एक पट्टी खाली बसलेली, तिच्या शेजारची तिच्याहून जास्त. दोन-तीन ठिकाणी तर नुसता लाकडाचा टक असा आवाज. आणि सिद्दीकभाई डोळे मिटून, मान डोलावत वाजवत होते.

खुर्शिदभाभींनी मला बघितलं. धावत आल्या, हात धरला, आणि आत नेण्याआधी ओठांवर बोट ठेवलं. स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, दोन वर्सं झाली, कान गेले. मशीन आणलं, ते डब्यात ठेवलंय, घुमतं म्हणतात. पुण्याचे ते बाबा वारले, पियानो लावायला कुणी येत न्हाई. ह्यांना वाटतंय पियानो हाय तसाच हाय. दिवसभर तेवढाच एक आधार. तुमी काय बोलू नका, वहिनी.

मी बाहेर आले. सिद्दीकभाईंनी डोळे उघडले, उठायला लागले, माझ्या कपाळाकडे बघून पुन्हा खाली बसले. ह्यांच्या दिवसकार्याला ते आले होते, पण तेव्हा बोलणं झालं नव्हतं; त्यानंतर आजच भेट. त्यांनी पियानोवर हात ठेवून विचारलं, कसा वाजतोय?

मी म्हणाले, छान.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. भाभींनी ओरडून सांगितलं, "छान म्हणत्यात!"

"वहिनींचं बोलणं पयल्यापासून चाळणीतनं पीठ पडावं तसं," सिद्दीकभाई म्हणाले. "आता तर कायच ऐकू येत न्हाई. तुमीच कष्ट घ्या, जरा वरडा."

मला ओरडता येत नाही. प्रयत्न केला, घशातून खाकरल्यासारखं काहीतरी निघालं. शेवटी असं ठरलं की मी भाभींना सांगायचं आणि भाभींनी ते मोठ्यानं त्यांना सांगायचं. तसं सगळं सांगितलं. खंडेनवमीचं ऐकून ते हसले नाहीत. चादर सोडली, गिटार मांडीवर घेतली, तारेवरून बोट फिरवून बोट नाकाशी नेलं.

"गोडंतेल?"

मी मान हलवली. त्यांनी भाभींकडून टाल्कम पावडरचा डबा आणि जुनं बनियन मागवलं आणि एकेक तार पुसायला बसले. पावडर तेल पिऊन घेते म्हणे. त्यांचे हात कामात होते तेव्हा मी भाभींच्या कानात माझं खरं काम सांगितलं. ह्यांनी शेवटी ज्या सुरात लावली होती, त्या सुरात लावून द्या. मला फक्त तेवढंच परत पाहिजे. दुसरं काही मागायला मी आलेले नाही.

भाभींनी ते ओरडून सांगितलं. सिद्दीकभाईंचा हात थांबला.

"कोणत्या सालातला सूर?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. सूर एकच होता. काळी चार. लग्न झालं तेव्हा त्यांनीच भिंतीपलीकडून माझं गाणं ऐकून, पियानोवर बघून सांगितलं होतं की वहिनींचा सा काळी चारला येतो, आणि गिटारीवर तो कसा धरायचा ते ह्यांना दाखवलं होतं. मी तेच सांगितलं. काळी चार.

सिद्दीकभाईंनी बनियनची घडी घातली. मग म्हणाले, "त्यानं सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पर तो ऱ्हायला न्हाई, आन् तुमाला तर आता सूर पायजे."

मग त्यांनी सांगितलं. अंकिता पाचवी-सहावीत असेल तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत हे गिटार घेऊन पियानोपाशी यायचे. म्हणायचे, साधनाचा आवाज जरा खाली आलाय रे, वरची ओळ घेताना मान ताणती, आपण जरा उतरवू. सिद्दीकभाई म्हणायचे, उतरव की, पांढरी पाचवर आण. हे म्हणायचे, एवढी न्हाई, एवढ्यानं तिला कळंल. अर्ध्याच्या अर्धी उतरव. पुढच्या दिवाळीला आणखी तेवढी.

"पियानोत दोन पट्ट्यांच्या मधे जागाच न्हाई, वहिनी," सिद्दीकभाई म्हणाले. "काळी चार न्हाई तर पांढरी पाच. मधे नुसती फट. मी जन्मभर त्याच्या गिटारीला शेळी म्हणालो, पर त्या फटीत शेळीच जाऊ शकते. दरसाली तो तुमाला असा एक-एक केसानं खाली आणायचा. पांढरी पाच झाली, काळी तीन झाली, मग तिच्याबी खाली. तुमाला वाटायचं तुमी जागच्या जागी हायती."

भाभींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला आणि तसाच हातात धरून बसले. माझ्या डोळ्यांपुढे झुंबरबाई आल्या. नेमाचं फळ, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल? हे शेजारच्या खोलीतून ऐकत असायचे, एकदाही त्यांनी आत येऊन काही म्हटलं नाही. चौतीस वर्षं मी देवापुढे बसून माझा गळा देवानं राखला म्हणून हात जोडत होते, आणि माझ्या पाठीमागे ह्यांची बोटं खुंटीवर होती.

राग आला. गेलेल्या माणसावर राग काढायला जागा नसते, तो तिथल्या तिथेच बसतो. मला सांगायचं तरी, असं वाटलं. मी काय लहान होते? आणि तेवढ्यात लक्षात आलं की घटकाभरापूर्वी याच खोलीत मी छान म्हणाले होते. जाणूनबुजून. माझा नेम मोडून. आणि अजूनही मला ते परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

"मग शेवटचा सूर कोणता?" मी विचारलं. भाभींनी तो प्रश्न पुढे पोचवला.

"त्येच तर म्हाईत न्हाई," सिद्दीकभाई म्हणाले. "दोन सालं मलाच ऐकू येईना. गेल्या दिवाळीला आला होता, मी म्हणालो, हणम्या, आता तुझं तू बघ. घरी जाऊन कुठं लावली, त्यालाच ठावं."

तरीही त्यांनी पियानोवर बघायचं ठरवलं. पट्टी दाबायची, माझ्याकडे बघायचं, भुवया उंचवायच्या. ही? मी मान हलवून नाही म्हणायची. पुढची दाबायची. ही? ती पियानोची काळी तीन होती, पण ती काळी तीन राहिली नव्हती हे त्यांना कसं सांगायचं? जिथे पाय ठेवावा ती पायरी आधीच खचलेली. मी सगळ्याच पट्ट्यांना नाही म्हटलं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"तो सूर गेला, वहिनी," ते म्हणाले. "हणम्याबरोबर गेला. पियानो मी बहिरा झालो तरी वाजवतो, बोटांना जागा पाठ हायत. गिटार लावायला कान लागतो, आन् तो माझ्याजवळ न्हाई. तुमच्याजवळ हाय. तुमची तुमीच लावा."

मी म्हणाले, मला येत नाही. मी कधी खुंटीला हात लावलेला नाही.

भाभींनी ते सांगितल्यावर ते म्हणाले, "बिघडवाया आल्या की न्हाई फिरवाया? मंग झालं."

तेव्हा मला जरासं हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. कुठली तार षड्जाची, कुठली पंचमाची ते दाखवलं. म्हणाले, आधी गिटारीकडं बघू नका, पियानोकडं बघू नका, सा म्हणा, जिथं येईल तिथं. मी पदर सारखा केला. परपुरुषापुढे मी कधी गायले नव्हते, ह्यांचे मित्र असले तरी. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. खुर्ची खिडकीकडे वळवून ते म्हणाले, लाजताय कुणाला, मला ऐकू येत न्हाई.

मी सा म्हटला. कुठलाही आधार न घेता, जिथे आला तिथे. तो इतका खाली आला की माझाच आहे का असं वाटलं. पण तो डुगडुगला नाही. पोटातून सरळ वर आला आणि उभा राहिला. मी तो धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं खुंटी फिरवली. तार कण्हत कण्हत खाली यायला लागली. गळा आणि तार जवळ आली की मधे एक थरथर सुरू होते, दोन माणसं अरुंद दारात एकदम शिरावीत तशी. ती थरथर मंदावली, आणखी मंदावली, आणि थांबली.

सिद्दीकभाईंनी खुर्ची वळवली होती. त्यांचा पंजा गिटारीच्या लाकडावर टेकलेला होता.

"जुळली," ते म्हणाले. त्यांना ते हाताला कळलं होतं.

बाकीच्या तारा लावायला तास गेला. एक तुटेल अशी भीती वाटत होती, तुटली नाही. भाभींनी मधे खिचडी टाकली, पण माझं अडलेलं भजन अजून व्हायचं होतं, म्हणून मी ती घेतली नाही. निघताना सिद्दीकभाई म्हणाले, एक डाव साथ करतो, पियानोवर. मला नाही म्हणवेना. ते वाजवायला लागले. माझी गिटार एका सुरात, पियानो भलत्याच, आणि पियानोतल्या पट्ट्यांचं आपापसातही पटत नव्हतं. मी गिटार खाली ठेवली आणि आवाज पियानोकडे नेला. जी पट्टी दाबतील तिथे जाऊन उभी राहायची, तिथून पुढच्या पट्टीकडे जायचं. गाणं असं त्याला म्हणता येणार नाही. त्यांनी डोळे मिटले होते. भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून रडत होत्या, आवाज न करता, जरी आवाज केला असता तरी चाललं असतं.

संध्याकाळी शिरूरला पोचले तेव्हा दिवेलागण झालेली होती. पाय धुतले, दिवा लावला, चादर सोडली. गाडीच्या हादऱ्यांनी तारा पुन्हा थोड्या हलल्या होत्या. आता पंजा टेकवायला कुणी नव्हतं. मी सा म्हटला, तार लावली, पंचम लावला, आणि भजन सुरू केलं.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. वरच्या ओळीला मान ताणली गेली. पूर्वीही ताणली जात असेल, मला ते कधी कळलं नव्हतं, आज कळलं. आवाज पोचत होता, पण टाचा उंचावून फळीवरचा डबा काढावा तसा. दौंडला सा म्हणताना मी बहुधा जरा वरच धरला होता. एवढं सगळं ऐकूनही.

देवापुढचं भजन मधे तोडायचं नसतं. चौतीस वर्षांत मी ते कधी तोडलं नव्हतं. ताप होता तेव्हा नाही, अंकिता पाळण्यात रडत होती तेव्हाही नाही. मी थांबले. दिव्याची वात सारखी केली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. हे असते तर मला कळूही न देता उद्याच्या आत खुंटी फिरवून ठेवली असती. मी चोरून फिरवू शकत नाही, माझ्याच हातानं फिरवायची तर मला दिसणारच.

मी खुंटी खाली सोडली. एका केसानं नाही, चांगली दिसेल एवढी. मग दुसरी, मग तिसरी. तारा ढिल्या होऊन खोल बोलायला लागल्या. त्या सुरात घरातल्या कुणाचीच आठवण नव्हती, ह्यांचीही नाही, चोवीस वर्षांच्या मुलीचीही नाही. अंगठा फिरवला. मागे कुणी बसल्यासारखं वाटलं नाही. मी एकटीच होते.

मी भजन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. वरची ओळ आली तेव्हा मान जागच्या जागी राहिली. पुरं झाल्यावर कपभर तांदूळ धुवायला घेतला.